आधी खुराडं, मग पिल्लं: घरच्या हौसेसाठी कोंबड्या आणि जपानी लावे

आठवडी बाजारात मुलांनी हट्ट केला म्हणून शनिवारी पिल्लं घेतली. रविवारी खोकं शोधलं, सोमवारी बल्ब लावला आणि जाळी आणेपर्यंत निम्मी पिल्लं मेली. "काय चुकलं?" असं विचारणाऱ्यांची हकिगत बहुतेक वेळा अशीच असते. पिल्लांना रोग नव्हता, खाद्यही ठीक होतं. फक्त कामांचा क्रम उलटा झाला.

म्हणून इथे सगळं क्रमानेच सांगतो. सहा-आठ कोंबड्या आणि दहा-बारा लावे, म्हणजे आपल्याकडे बाजारात ज्यांना बटेर म्हणतात ते जपानी लावे, परसात हौसेने पाळू पाहणाऱ्या कुटुंबासाठी हे आहे. विक्रीचा धंदा करायचा असेल तर त्याचं गणित वेगळं असतं.

टप्पा १: घरात बसून तीन गोष्टी ठरवा

पहिली गोष्ट नरांची. एक दिवसाच्या पिल्लांत तलंगा, म्हणजे माद्या, किती आणि कोंबडे किती हे बघून कळत नाही, साधारण निम्मे निम्मे धरून चाला. आठ पिल्लांतून चार कोंबडे निघाले तर पाचव्या महिन्यात ते एकमेकांना रक्तबंबाळ करतील आणि पहाटे चारला गल्ली उठवतील. त्यांचं काय करायचं? कुणाला द्यायचे, विकायचे, की घरी खायचे? हे पिल्लं आणण्याआधी मुलांच्या देखत ठरवा. मुलीने ज्याचं नाव ठेवलं, ज्याला रोज हाताने दाणे भरवले, तो कोंबडा एका रविवारी तिला न सांगता कापला तर ती ते वर्षानुवर्षं विसरत नाही. मी हे जवळून पाहिलंय. आमच्या घरचा नियम असा: नाव ठेवलेला पक्षी ताटात येत नाही. तुमचा नियम वेगळा असू शकतो, पण तो आधी सगळ्यांना माहीत हवा.

अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. तो फक्त पिल्लं काढायची असतील तर लागतो, आणि आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. शहरात सोसायटीचे आणि नगरपालिकेचे नियम विचारून घ्या. तिसरी, गावाला गेल्यावर दाणापाणी कोण बघणार? दोन दिवसांसाठीसुद्धा माणूस लागतो. भांडी भरून ठेवून कुलूप लावून जाता येत नाही.

टप्पा २: खुराडं उभं करा

पिल्लं यायच्या किमान आठ दिवस आधी खुराडं पूर्ण झालेलं हवं. "पिल्लं लहान आहेत तोवर बांधू" म्हणणाऱ्यांचं खुराडं दोन महिन्यांनीही अर्धंच असतं आणि मोठी झालेली पिल्लं खोक्यात एकमेकांची पिसं उपटत बसतात.

जागा उंचावरची आणि पाणी न साचणारी निवडा. लांबीची बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचं ऊन थेट आत शिरत नाही. जमिनीपासून फूट-दीड फुटाचं जोतं घ्या. आत प्रत्येक कोंबडीमागे तीन-चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला निदान आठ-दहा चौरस फूट जागा धरा. भिंतीच्या वरच्या भागात जाळी ठेवून हवा खेळती ठेवा. रात्री खुराडं सगळ्या बाजूंनी गोणपाटाने गच्च बंद करणारे चुकतात. कोंबडीला कोरडी थंडी सोसते. विष्ठेच्या वाफेने भरलेली कोंदट हवा मात्र सोसत नाही.

आत बसायला दोन इंच रुंदीच्या, कडा घासून गोल केलेल्या दांड्या लावा. एका कोंबडीला आठ-दहा इंच लांबी पुरते. अंड्यांसाठी फूटभर लांब, रुंद आणि उंच खोकी ठेवा, चार-पाच कोंबड्यांमागे एक. ही खोकी दांडीपेक्षा खाली असू द्या. वर ठेवलीत तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि सकाळी अंडं विष्ठेत लोळलेलं मिळतं.

जमिनीवर दोन-तीन इंच भाताच्या तुसाची गादी करा.

सावध: षट्कोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो. मुंगूस फटीतून शिरतं आणि एका रात्रीत सगळ्या कोंबड्या मारून एखादीच खातं. अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे जाड तारा सांध्यांवर जोडलेली कडक जाळी, वापरा. तळाशी ती फूटभर जमिनीत गाडा किंवा बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर दगड ठेवा. उंदीर शिरेल एवढी फट राहिली तर उंदरामागून सापही येतो.

लाव्यांचं घर वेगळंच हवं. कोंबड्यांच्या खुराड्यात एका कोपऱ्यात लावे सोडायची कल्पना फार जणांना सुचते. तसं करू नका. दीड-दोनशे ग्रॅमचा लावा कोंबडीच्या चोचीपुढे टिकत नाही आणि कोंबडी अंगावर बाळगते ते काही आजार लाव्याला फार जड जातात. दोघांची भांडी वेगळी ठेवा, झाडूही वेगळा ठेवा.

लावा दचकला की सरळ वर उसळतो. दीड-दोन फूट उंचीच्या पिंजऱ्यात त्याला नेमका डोकं फोडून घेण्याइतका वेग येतो. म्हणून पिंजरा एक तर दहा-बारा इंच उंचीचा करा, नाहीतर माणूस उभा राहील एवढा. बुटक्या पिंजऱ्याच्या छताला आतून जुन्या चादरीचा किंवा फोमचा थर लावा. एका चौरस फुटात दोनपेक्षा जास्त लावे नकोत. नुसती तारेची जमीन त्यांच्या पायांना टोचते, म्हणून निदान अर्ध्या भागात फळी टाकून वर तूस पसरा.

टप्पा ३: ऊबघर आदल्या दिवशी चालू करा

पिल्लाला पहिले काही आठवडे स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. आई नसेल तर ते काम बल्ब करतो.

जाड पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं तीन फूट व्यासाचं, दीड फूट उंचीचं गोल कडं करा. गोलच करा. चौकोनी खोक्यात थंडी वाजली की पिल्लं कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरून मरतात. तळाला तूस आणि त्यावर पहिले तीन-चार दिवस गोणपाट किंवा खडबडीत कापड अंथरा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून पिल्लं कायमची फेंगडी होतात.

साठ वॅटचे दोन बल्ब दीड फुटावर टांगा. दोन यासाठी की रात्री एक गेला तरी दुसरा चालू राहतो. आणि बल्ब जुने तारवाले हवेत. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. दुकानदार "हाच घ्या, वीज वाचते" म्हणून एलईडी देतो आणि पिल्लं लख्ख उजेडात थंडीने मरतात.

पहिल्या आठवड्यात कोंबडीच्या पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस ठेवा. लाव्याच्या पिल्लांना पहिले काही दिवस ३७ अंश लागतात. पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करत जा, म्हणजे बल्ब थोडा वर चढवा.

तपासा: बल्ब आदल्या दिवशी लावून ठेवा. पहाटे चारला उठून थर्मामीटर बघा. दुपारचं तापमान सगळ्यांचंच बरोबर येतं.

वीज जाईल हे गृहीत धरा. एका डिसेंबरात रात्री दोनला आमच्याकडे वीज गेली आणि मी सहाला उठलो. बारातली पाच पिल्लं गेली होती. तेव्हापासून जाड बाटल्या, फडकी आणि थर्मास कड्याशेजारीच असतात. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवल्या आणि वरून चादर अर्धी ओढली की दोन-तीन तास निभावतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. धुराने पिल्लंही जातील आणि त्याच खोलीत माणूस झोपला तर तोही.

टप्पा ४: आता पिल्लं आणा

सुरुवात नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत करा. एप्रिल-मे मध्ये उकाडा आणि जून-जुलैत ओल, दोन्ही नवख्या माणसाच्या हातून पिल्लं घालवतात.

जात कोणती? गावठी काटक असते पण अंडी वर्षाला साठ-ऐंशीच. गिरीराज, वनराज, ग्रामप्रिया या परसासाठी तयार केलेल्या सुधारित जाती आहेत. त्या अंडी बऱ्यापैकी जास्त देतात, पण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, क्वचितच बसतात. पहिल्यांदा पाळणाऱ्याने चार सुधारित आणि दोन-तीन गावठी घ्यावीत असं माझं मत आहे. गावठी पुढे पिल्लं काढायला उपयोगी पडते.

हातगाडीवरची गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं घेऊ नका. ती बहुधा अंड्यांच्या जातीतले नको असलेले नर असतात, विना-लस आणि दिवसभर उन्हात, धुळीत फिरवलेले. मुलांना तिथेच समजावून सांगा. उबवणी केंद्रातून किंवा माहितीतल्या माणसाकडून घ्या आणि पहिल्याच दिवशी मरेक्स या आजाराची लस दिलीय का हे विचारा.

पिल्लू असं पारखा: डोळे चमकदार, बेंबी सुकलेली, शेपटीखाली स्वच्छ, उताणं ठेवलं तर लगेच पालथं होणारं. एकटं कधीच आणू नका, किमान सहा आणा.

लाव्यांत नर-मादी तीन आठवड्यांनी छातीवरून कळतात. मूळ तपकिरी रंगात मादीच्या छातीवर काळे ठिपके असतात, नराची छाती ठिपक्यांशिवाय तांबूस असते. तीन-चार माद्यांमागे एक नर ठेवा. शक्यतो तीन आठवड्यांचे, ओळखता येणारे लावे घ्या. सात-आठ ग्रॅमचं, अंगठ्याएवढं पिल्लू वाढवणं पहिल्या खेपेला जड जातं.

सावध: शेतात, माळावर दिसणारे रानलावे पकडणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पाळायचे ते उबवणी केंद्रातले जपानी लावेच.

टप्पा ५: पहिले दहा दिवस

निम्म्याहून जास्त चुका याच दिवसांत होतात, म्हणून इथे घाई नको.

१. आल्या आल्या आधी पाणी, खाद्य नंतर. कोमट पाण्यात लिटरला दोन-तीन चमचे गूळ विरघळवा. प्रत्येक पिल्लाची चोच हलकेच पाण्यात बुडवून सोडा. एकाने प्यायलं की बाकीची शिकतात असं म्हणतात, तरी प्रत्येकाची चोच बुडवाच. गुळाचं पाणी पहिल्या दिवसापुरतंच, मग साधं.

२. दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा पसरट ताटलीत द्या. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. लाव्यांना जास्त प्रथिनांचं, २४ टक्क्यांच्या पुढचं खाद्य लागतं, तेही मिक्सरमधून बारीक करून. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढवलेली पिल्लं जगली तरी खुरटतात.

३. पाण्याच्या भांड्यात स्वच्छ खडे किंवा गोट्या टाका. लाव्याचं पिल्लू बोटभर पाण्यातही बुडून मरतं.

४. रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येक पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी चाचपा. भरलेली आणि मऊ लागली तर ठीक. रिकामी असेल तर त्याला पाणी किंवा खाद्य सापडलेलं नाही.

५. शेपटीखाली शी वाळून चिकटली तर कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून काढा. ओढू नका, कातडी निघते. तसंच राहू दिलं तर पिल्लू दोन दिवसांत जातं.

तपासा: थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी आहे, बल्ब खाली घ्या. कड्याला चिकटून, पंख सैल सोडून, चोच उघडी ठेवून असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला असतील तर दुसरीकडून वारा शिरतोय. सर्वत्र पसरून निवांत झोपलेली असतील तर हात लावू नका.

मुलांसाठी दोनच नियम ठेवा. पिल्लू खाली बसूनच हातात घ्यायचं, उभ्याने नाही. आणि आधी-नंतर साबणाने हात धुवायचे. पिल्लांचे मुके घेऊ देऊ नका, अंगावरच्या जंतूंनी लहान मुलांना जुलाब होतात.

टप्पा ६: लस चुकवू नका

राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, आली की खुराडं रिकामं होतं आणि तिच्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी या लसीचं इंजेक्शन असा साधारण क्रम असतो. मध्ये गंबोरो आणि देवी या आजारांच्या लसी येतात. नेमक्या तारखा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लिहून घ्या.

अडचण अशी की लसीची कुपी शंभराच्या वर पक्ष्यांची असते आणि आपल्याकडे पिल्लं आठ. गल्लीतल्या, वाडीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी लस द्या. कुपी बर्फाच्या डब्यातूनच आणायची आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवायची. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं क्लोरिनचं पाणी चालत नाही, लस मरते. उरलेली लस फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याने देणं म्हणजे न देणंच. आजारी पिल्लाला लस टोचू नका.

लाव्यांना सहसा लस देत नाहीत. त्यांच्यासाठी पिंजऱ्याची स्वच्छता हाच उपाय. विष्ठेचा ट्रे एक दिवसाआड काढा, वास फार लवकर येतो.

टप्पा ७: खुराड्यात हलवणं

पाच आठवड्यांच्या सुमारास अंगभर पिसं आली की पिल्लं खुराड्यात न्या. चार-पाच दिवस बाहेर सोडूच नका. हे घर आपलं, हे त्यांना आतच कळू द्या. पहिल्याच दिवशी अंगणात सोडलेल्या तलंगा संध्याकाळी आंब्यावर चढून बसतात, आणि तिथून रानमांजर त्यांना नेतं.

पहिल्यांदा सोडताना दिवेलागणीच्या तासभर आधी सोडा. रोज त्याच डब्यात दाणे वाजवून त्याच शब्दाने बोलवा. आठवड्यात त्या आवाजावर धावत येतात. दार लावताना रोज मोजा.

नव्या कोंबड्या जुन्यांत मिसळायच्या असतील तर आधी तीन आठवडे दूर, वेगळ्या ठेवा. मग आठवडाभर जाळीआडून एकमेकींना बघू द्या आणि रात्री अंधारात दांडीवर बसवा. थोडी टोचाटोची होईल, रक्त दिसलं तर मात्र लगेच वेगळी करा.

एका कोपऱ्यात राख, वाळू आणि कोरडी माती यांचं घमेलं भरून ठेवा. कोंबडी त्यात लोळून उवा घालवते. लाव्यांनाही छोट्या थाळीत द्या, त्यांचा आनंद बघण्यासारखा असतो.

टप्पा ८: अंड्यांचे दिवस

लावे सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येतात, कोंबड्या पाच-सहा महिन्यांत. लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, अंड्याच्या सुमारासच सुरू करा. त्यातलं कॅल्शियम लहान पिल्लांची मूत्रपिंडं बिघडवतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाईल. मोठ्या कोंबडीला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं, लाव्याला पंचवीस-तीस.

मेथी, कोबीची पानं, शेवग्याचा पाला, ज्वारी-बाजरी आनंदाने द्या. फरसाण, खारट शिळं अन्न, हिरवट बटाट्याच्या साली आणि बुरशी आलेलं काहीही देऊ नका. पावसाळ्यात खाद्याचं पोतं जमिनीवर ठेवू नका, कुबट वास आला तर पूर्ण फेकून द्या.

खोक्यात पांढरा गुळगुळीत गोटा ठेवला की तलंग तिथेच अंडं घालायला शिकते. दिवसातून दोनदा अंडी गोळा करा. फुटलेलं अंडं राहिलं तर अंडं खायची सवय लागते आणि ती मोडणं फार कठीण. अंडी धुऊन ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. धुतलं की कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि अंडं लवकर खराब होतं.

हिवाळ्यात लाव्यांची अंडी थांबतात, कारण दिवस लहान होतो. संध्याकाळी दिवा लावून उजेड चौदा तासांवर नेला की पुन्हा सुरू होतात. इथे एलईडी चालतो.

टप्पा ९: ओल, ऊन आणि आजार

मूठभर तूस दाबून मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे, मोकळं सांडलं तर ठीक. ओल्या गादीतून रक्ती हगवण येते. ओला भाग काढा, थोडा चुना मिसळून उलथापालथ करा, नवं तूस घाला.

विदर्भात आणि मराठवाड्यात मे महिन्यात कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. बाजूंना भिजवलेलं गोणपाट टांगा, पाणी सावलीत ठेवून दोन-तीनदा बदला, खाद्य सकाळी लवकर आणि संध्याकाळी द्या. पाणी दुप्पट लागतं.

कोंबडी पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसली की त्याच क्षणी वेगळी करा, मग कारण शोधा. घरातल्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. डॉक्टरांनी औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हेही विचारा.

सावध: दोन-तीन पक्षी एकाएकी मेले तर ते कापू नका, कुणाला देऊ नका, ओढ्यात टाकू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. एरवी मेलेला पक्षी दोन-तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

टप्पा १०: खुडूक बसली तर

गावठी कोंबडी खोक्यातून उठेना, पिसं फुलवून गुरगुरायला लागली, तर ती खुडूक झाली. दोन दिवस तिच्याखाली गोटे ठेवून बघा. टिकली तर शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात पाटीत माती आणि पेंढा घालून, सगळी एकाच रात्री, दहा-बारा अंडी मांडा. अंडी आठवड्याच्या आतली, कोंबडा असलेल्या कळपातली, न धुतलेली हवीत. रोज एकदा ती दाण्यापाण्याला उठते का बघा. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात अंडी धरा. शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू आहे, नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर अंडं काढून टाका.

विसाव्या-एकविसाव्या दिवशी कवचाला चीर पडते. तिथून पिल्लू बाहेर यायला कधी कधी पूर्ण दिवस लागतो. या वेळी कवच सोलून मदत करणाऱ्यांच्या हातात रक्तस्राव होऊन मेलेलं पिल्लू येतं. मुलांना दुरून बघू द्या, पाटीला हात लावू देऊ नका.

पाळीव लाव्यांत ही उबवायची वृत्ती जवळजवळ उरलेली नाही. त्यांची अंडी छोट्या यंत्रात साडेसदतीस अंशांवर ठेवावी लागतात, सतरा-अठरा दिवस, आणि शेवटचे तीन दिवस न फिरवता. पण ते दुसऱ्या वर्षी करा. पहिल्या वर्षी पाटीतून येणारी ती बारीक चिवचिव ऐकायला मुलांना पहाटे उठवा. कोंबडी पिल्लं घेऊन आपणहून उठली की शिल्लक अंडी आणि कवचं काढा, पेंढा जाळा आणि पाटी दोन दिवस कडक उन्हात ठेवा.